आष्टीचे कैदी आणि नाशिकचे सहा जण

मागच्या श्रावणात हिवरखेडला गेलो होतो. आमचं हिवरखेड मोर्शी तालुक्यातलं, संत्र्यांचं. (अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातही एक मोठं हिवरखेड आहे, त्यामुळे हा खुलासा मला जन्मभर करावा लागला आहे.) संध्याकाळी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर कुठल्यातरी खुनाच्या खटल्याची बातमी चालू होती. आरोपीच्या तोंडावर काळा बुरखा, दोन्ही बाजूंना पोलीस.

"याले कोर्टात कायले नेतेत? चौकात फाशी देल्ली पाहिजे," एक जण म्हणाला.

"अन् वकील सरकारच देते म्हन्ते त्याले. आपल्या पैशानं!" दुसरा.

मी म्हटलं, "काका, पन वकील नसला तर हाच तो मानूस हे कसं समजन?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शहरात राहून पोरगं बिघडलं, असा तो चेहरा. "समजाले काय पाहिजे बापू? पोलिसांनं धरला ना!"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो आणि गप्प बसलो. गप्प बसायला एक कारण होतं, ते पुढे सांगतो. आधी थोडं जुनं.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी. पलीकडे वर्धा जिल्हा आणि आष्टी. आता मध्ये अप्पर वर्धा धरणाचं पाणी पसरलं आहे, पण माझ्या आबाजींच्या लहानपणी नदी ही नदीच होती आणि पलीकडची बातमी अलीकडे यायला वेळ लागत नसे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आबाजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. 'चले जाव'चा ठराव होऊन आठवडा झाला होता, पुढारी तुरुंगात होते. त्या दिवशी आष्टीत लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, गावची माणसं पडली. मग जमाव उसळला आणि त्यात फौजदार आणि त्याचे शिपाई मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असंच घडलं. तिथे उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदारासकट सरकारी माणसं लोकांच्या हातून मेली. आमच्या अमरावती जिल्ह्यात बेनोडा आणि यावली या गावांच्या नावापुढे आजही 'शहीद' लागतं, ते त्याच दिवसांमुळे.

चिमूरला नंतर लष्कर आलं आणि जे अत्याचार झाले, विशेषतः बायांवर, त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. ते जानेवारी १९४३ मध्ये सुटलं. ही हकिकत आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असते. तुकडोजी महाराजांना अटक झाली, तेही माहीत असतं. माहीत नसतो तो त्यानंतरचा भाग. म्हणजे खटला.

तर खटला चालला तो नेहमीच्या सेशन कोर्टात नाही. जानेवारी १९४२ मध्ये, जपानी चढाईच्या भीतीने, दिल्लीच्या सरकारने एक वटहुकूम काढून ठेवला होता: विशेष फौजदारी न्यायालयांचा. त्यातली कलमं आज वाचली तरी अंगावर काटा येतो. कोणता खटला या विशेष न्यायाधीशापुढे जाणार हे सरकारी अधिकारी ठरवणार. साक्षीदार जे बोलेल ते सगळं लिहून घ्यायची गरज नाही, सारांश पुरे. शिक्षेवर हायकोर्टात अपील नाही. फाशी किंवा जन्मठेप झालीच, तर कागदपत्रं हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाकडे तपासायला जाणार, पण तो न्यायाधीश कोण हे प्रांतिक सरकार निवडणार आणि तो म्हणेल ते शेवटचं.

जरा थांबून विचार करा. ज्या सरकारची माणसं मारली गेली, त्याच सरकारने कोर्ट निवडायचं आणि निकाल तपासणारा न्यायाधीशही त्यानेच निवडायचा. आणि यातून माणसं फासावर जाणार!

आष्टी आणि चिमूर दोन्हीकडच्या माणसांना अशा रीतीने फाशीच्या शिक्षा झाल्या. बहुतेक सगळी खेड्यातली साधी माणसं. जमावात हजारो लोक असताना नेमका कोणाचा हात कोणावर पडला, हे शोधायचं काम किती अवघड असतं ते सांगायला नको. असं काम घाईने केलं की साक्षीदाराला ज्याचं नाव आठवतं तो सापडतो.

पुढे ४ जून १९४३ रोजी फेडरल कोर्टाने हा वटहुकूमच बेकायदा ठरवला. कारण साधं होतं. कोणाला नेहमीचं कोर्ट आणि कोणाला घाईचं कोर्ट हे ठरवायचा मोकळा अधिकार असा अधिकाऱ्याच्या हाती देता येत नाही. आता वाटेल की सुटले कैदी. दुसऱ्याच दिवशी सरकारने नवा वटहुकूम काढला: विशेष न्यायालयं रद्द, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा कायम! अपिलाची वाट तेवढी उघडली. आणि १९४४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टालाच चुकीचं ठरवलं.

कायद्याने असं अंग काढून घेतलं, तेव्हा लोक पुढे आले. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांसाठी जी धडपड केली ती विसरू नये. १९३७ च्या मध्य प्रांताच्या विधानसभेत त्या उपसभापती होत्या आणि स्वराज्यानंतर नागपूरच्या खासदार झाल्या. गांधीजींनी जाहीरपणे रदबदली केली. आष्टी-चिमूर ही नावं देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. आणि ज्यांच्या मानेवर शेवटपर्यंत दोर लोंबत राहिला होता, त्यांची फाशी १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली.

आबाजी सांगत, ती बातमी आली तेव्हा आमच्या वाड्यात साखर वाटली होती. मी लहानपणी त्यांना एकदा विचारलं होतं, "आबाजी, पन त्यायनं शिपाई तं मारलेच होते ना?"

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मारले असतीन. ते शिपाईबी आपलेच होते. पन कोनं मारलं ते नीट पाहाले पाहिजे का नाही? आंधळ्यावानी फाशी द्याची?"

हे वाक्य मला तेव्हा समजलं नव्हतं. आज वाटतं, योग्य खटल्याचा हक्क म्हणजे काय यावर मी पुढे जे काही वाचलं त्यात याहून फारसं जास्त नव्हतं. आबाजी असं म्हणत नव्हते की ते निर्दोष आहेत. नीट पाहा, एवढंच म्हणत होते.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच घरातले पाच जण मारले गेले, बाईवर आणि कोवळ्या मुलीवर बलात्कार झाला. फार भयंकर प्रकार होता. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. २००६ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. आणि ३० एप्रिल २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली.

ती बातमी मी घरी पेपरात वाचली होती. चांगली आठवते, कारण बायकोला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि शेवटी म्हटलं होतं, "बरं झालं." त्या मुलीचं वय वाचून दुसरं काही सुचलंच नव्हतं. मी आष्टीच्या गोष्टी ऐकून वाढलेला माणूस. पण हे सहा जण कोण, त्यांना ओळखलं कोणी, त्यांना वकील कसा मिळाला, यातला एकही प्रश्न मला पडला नाही. टपरीवरचे काका जे बोलले तेच मी सोळा वर्षांपूर्वी पेपर हातात धरून बोललो होतो. फरक इतकाच की मी ते प्रमाण मराठीत बोललो.

नंतर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. २००९ च्या त्या निकालात ज्या जुन्या निकालाचा आधार घेतला होता, तो आधारच चुकीचा असल्याचं सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने दोन आठवड्यांच्या आत, १३ मे २००९ रोजी, एका वेगळ्या खटल्यात सांगितलं. त्या जुन्या निकालाने फक्त गुन्हा पाहिला होता, गुन्हेगार पाहिला नव्हता. आणि १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून नियम असा आहे की फाशी देताना दोन्ही पाहायचे. गुन्हा किती क्रूर, हे एक. आणि समोर उभा असलेला माणूस कोण, कुठून आला, सुधारू शकेल का, हे दुसरं. २०१२ मध्ये कळलं की सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. (म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही, बाकीच्यांचंही नाही.) म्हणजे तीन कोर्टांतून त्याची फाशीची फाईल फिरली आणि त्याचं वय कोणी धड विचारलं नाही. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या कैद्यांची शिक्षा कमी करा. त्या कैद्यांत हे सहा जणही होते.

सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात फेरविचाराचा अर्ज आला तर तो न्यायमूर्तींनी आपल्या दालनात कागदावर निकालात काढायचा नाही, उघड्या कोर्टात वकिलाचं म्हणणं ऐकायचं. ऐकायला छोटीशी गोष्ट वाटते. पण या सहा जणांचा फेरविचाराचा अर्ज २०१० मध्येच फेटाळला गेला होता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उघडला गेला, या वेळी तोंडी ऐकून. आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले.

संशयाचा फायदा देऊन कसेबसे सोडले, असं नाही. कोर्टाने पाहिलं की त्या घरातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं म्हणजे हे सहा नव्हेत. वेगळीच! त्या चौघांवर खटला झालाच नाही. हा कागद फाईलमध्ये होता. पहिल्या दिवसापासून होता. सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला. हे भटक्या जमातीतले अतिशय गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही कोर्टाने नमूद केलं.

सोळा वर्षं. त्यातली बरीचशी फाशीच्या सावलीत. आणि त्या घरातल्या पाच जणांना ज्यांनी खरंच मारलं, त्यांचं काय? आपण चुकीच्या माणसाला फाशी दिली की खरा माणूस सुटतो, ही साधी गोष्ट आपल्या रागाला सुचत नाही. योग्य खटला आरोपीसाठी असतो, तसाच त्या वाचलेल्या बाईसाठीही असतो. तिने तर सांगितलं होतं. तिचंही कोणी ऐकलं नाही.

ही सुटकेची बातमी मी आतल्या पानावर, बऱ्याच उशिरा वाचली. बायकोला वाचून दाखवली नाही. धीर झाला नाही.

मग मला आष्टी आठवली. आष्टीच्या कैद्यांमागे अनसूयाबाई होत्या, गांधीजी होते, साखर वाटणारी गावं होती. नाशिकच्या या सहांमागे कोण होतं? शेवटी काही वकील उभे राहिले आणि काही न्यायमूर्तींना वाईट वाटलं, म्हणून ते वाचले. पण गाव नव्हतं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला. 'चोरी झाली की आधी बेड्यावर जा' ही रीत मात्र कागदावरून गेली तरी मनातून गेली नाही. आमच्याकडेही संत्र्याच्या बागेत चोरी झाली की पहिला संशय पारधी बेड्यावरच जातो. मीही तसंच मानत आलो आहे.

इथे नागपूरच्या एका माणसाची आठवण करून दिली पाहिजे. व्हिव्हियन बोस. १९४२ मध्ये ते नागपूर हायकोर्टात न्यायाधीश होते, पुढे तिथले मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. स्वराज्य येऊन राज्यघटना लागू झाली होती आणि बंगाल सरकारने पुन्हा तसलाच कायदा केला होता: काही खटले निवडून विशेष न्यायालयाकडे देण्याचा. जानेवारी १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. बोस यांनी आपलं वेगळं मत लिहिलं. त्याचा आशय असा की ही वागणूक समान आणि न्याय्य आहे का, हे प्रजासत्ताकाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला विचारा, आणि उत्तर देणारी माणसं भावनेच्या आणि पूर्वग्रहाच्या भरात नसलेली हवीत.

सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हा शब्दप्रयोग ओळखीचा वाटतो ना? १९८३ च्या मच्छीसिंग निकालापासून तो फाशीच्या बाजूने वापरला जातो: समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीला इतका धक्का बसला की ती फाशीची अपेक्षा करते, वगैरे. बोस यांनी तोच शब्द आरोपीला एकट्यालाच वेगळ्या कोर्टात ढकलू नये म्हणून वापरला होता. तीस वर्षांत ढालीचा दोर झाला! त्यांच्या लेखी सदसद्विवेक म्हणजे राग ओसरल्यावर उरतो तो. आपण मात्र रागालाच ते नाव दिलं.

कोणी म्हणेल, हे गरीब मजुरांचं ठीक आहे, पण कसाबचं काय? त्याला तर कॅमेऱ्यात पाहिलं. खरं आहे. २००८ च्या डिसेंबरात आमच्या अमरावतीच्याच एका वकिलाने त्याचं वकीलपत्र घ्यायची तयारी दाखवली, तर त्याच्या घरासमोर निदर्शनं झाली आणि त्याने माघार घेतली. तेव्हा आम्हा अमरावतीकरांना त्या वकिलाची लाज वाटली होती, निदर्शनांची नाही. तरीही त्याला कोर्टाने वकील दिला, सुप्रीम कोर्टातही दिला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम झाली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती दिली गेली. पण त्याच निकालात एक गोष्ट सगळ्या देशासाठी लिहिली गेली: कोणत्याही आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे मॅजिस्ट्रेटने स्वतः त्याला सांगायलाच हवं. म्हणजे ज्याचा आपण सगळ्यात जास्त द्वेष केला, त्याच्या खटल्यातून बेड्यावरच्या पोराला एक हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला. कायद्याचं हे असंच असतं. वाईट माणसासाठी जी वाट बंद करावी, तिच्यावर उद्या आपलाच कोणी उभा असतो.

फाशी असावी की नसावी, यावर माझं मन अजून पक्कं नाही. खोटं कशाला सांगू. पण तिच्या आधी काय काय व्हायला हवं याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. पहिल्या दिवसापासून वकील. फाईलमधला प्रत्येक कागद आरोपीच्या हातात. शिक्षेआधी माणूस कोण हे पाहायला वेळ. वर हायकोर्टाची मंजुरी, तीही सही उरकून नव्हे तर पुरावा पुन्हा पाहून. जुनी दंडसंहिता जाऊन जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, तरी हायकोर्टाच्या मंजुरीशिवाय फाशी नाही हा नियम राहिला आहे. १९४२ मध्ये आष्टीकरांना यातलंच बरंचसं नाकारलं होतं आणि म्हणूनच वऱ्हाड-नागपूर पेटून उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी परत टपरीवर गेलो. काका होतेच. त्यांना नाशिकच्या सहा जणांची गोष्ट सांगितली, माझ्या 'बरं झालं'सकट. ते काही बोलले नाहीत. चहा संपल्यावर एवढंच विचारलं, "मंग त्या बाईनं दाखवलेले चार जन कोठी हायेत आता?"

मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न बरोबर होता.